बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचा आहे : मधल्या दिवसांत काय करावं?

प्रश्न : माझं वय ४३. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. महिन्यापूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेकडच्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली, त्यात ‘बायरॅड्स ४ बी’ असं लिहून आलं. परवा सुईने बायोप्सी झाली. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. सासूबाई म्हणतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो, कशाला हात लावू दिलास. दीर म्हणतात, ओळखीच्या सर्जनकडे उद्याच गाठ काढून टाकू, रिपोर्टची वाट कशाला बघायची. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगी दहावीला आहे, पूर्वपरीक्षा सुरू आहे, तिला काही कळू दिलेलं नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी दिरांचं बोलू, कारण ते उद्याचं आहे. उद्या गाठ काढू नका. ते मायेपोटीच म्हणताहेत, हे मला कळतं. घरातल्या माणसाला काहीतरी करून टाकावंसं वाटतं. पण गेली बावीस वर्षं मी स्तनाच्या आजारांवर शस्त्रक्रिया करते आहे. घाईने काढलेल्या गाठींनी झालेलं नुकसान मी पुष्कळदा निस्तरलं आहे. रिपोर्टसाठी आठ-दहा दिवस थांबल्याने कुणाचं बिघडलेलं मात्र एकदाही पाहिलेलं नाही.

गाठ साधी निघाली, तर ती काढायची गरजही नसेल, किंवा पुढे सवडीने छोट्याशा छेदातून काढता येईल. कॅन्सरची निघाली, तर ऑपरेशनच वेगळं असतं. गाठीच्या चारही बाजूंनी थोडा निरोगी भाग घेऊन ती काढायची असते. छेद कुठे घ्यायचा ते आधी आखायचं असतं. काखेतल्या ज्या ग्रंथीत आजार सगळ्यात आधी पोचू शकतो, ती शोधून तपासायची असते. काही जणींना तर आधी केमो देऊन गाठ लहान करून घेतो आणि मग ऑपरेशन करतो, म्हणजे स्तन वाचवता येतो. गाठ आधीच अर्धवट काढलेली असेल, तर यातलं बरंच काही हातातून जातं.

अशी एक डबी मी विसरू शकत नाही. अडतीस वर्षांची एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात जागा बधिर करून तिची गाठ काढली होती. ‘साधीच दिसते’ म्हणून तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता. नवऱ्याने मागितला, तेव्हा सलाइन भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत घालून त्याच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी त्याने ती डबी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाणी गढूळ झालेलं, तुकडा पांढुरका, लिबलिबीत. पॅथॉलॉजिस्टनी कसंबसं ‘कॅन्सरच आहे’ एवढं सांगितलं. तो कोणत्या प्रकारचा, हार्मोनच्या गोळ्यांना दाद देईल का, हे त्या तुकड्यावरून कळेना. मी पुन्हा ऑपरेशन केलं, तर मूळ गाठ आत उरलेलीच नव्हती. पुढची औषधं आम्हाला अंदाजाने द्यावी लागली. ती आज चांगली आहे, वर्षातून एकदा दाखवायला येते. पण अंदाजाने औषध देताना माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो अजून आठवतो.

तुमच्या डॉक्टरांनी आधी हाताने तपासलं, मग चित्रं काढली, मग सुईने तुकडा घेतला. हाच क्रम बरोबर आहे. तुम्ही योग्य हातांत आहात, हे दिरांना सांगा.

आता सासूबाईंची भीती. ही भीती मी खेड्यात ऐकते तशी शहरातल्या शिकलेल्या घरांतही ऐकते. ‘चाकू लागला आणि वर्षात गेली’ असं कुणाबद्दल तरी प्रत्येक घरात सांगतात. आणि ते खोटं सांगत नसतात, त्यांनी ते पाहिलेलं असतं. पूर्वी बायका गाठ अंगावर काढायच्या. फुटून पाणी वाहू लागलं, हात सुजला, की मग दवाखाना. तोवर आजार हाडांत, यकृतात पोचलेला असायचा. ऑपरेशन होवो न होवो, पुढचं ठरलेलंच होतं. पण लोकांनी पाहिला तो चाकू. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात, हे खरं आहे. मात्र त्यातून पुढे गाठ वाढणं फार विरळ असतं आणि नंतरचं ऑपरेशन नि रेडिएशन त्या वाटेचाही बंदोबस्त करतं. आधी सुईने निदान आणि मगच ऑपरेशन, ही आज जगभराची पद्धत आहे. सुईने आयुष्य कमी होत असतं, तर इतक्या वर्षांत ते कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. सासूबाईंना पुढच्या भेटीला बरोबर न्या. त्यांच्याशी वाद घालण्याचं काम तुम्ही का करायचं? ते आमच्यावर सोडा.

‘४ बी’चा अर्थ नीट समजून घ्या, कारण हा आकडा वाचून बायका मोबाइलवर शोधत बसतात आणि रडून डोळे सुजवून घेतात. ही कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे. मॅमोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरांना किती शंका आली, त्याची ही प्रतवारी आहे. दोन म्हणजे साधं. तीन म्हणजे बहुधा साधंच, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. चार म्हणजे शंका आहे, तुकडा तपासा. पाच म्हणजे शंका दाट आहे. चारमध्येही ए, बी, सी अशा पायऱ्या असतात. ‘बी’ म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या मधली. म्हणजे असा शेरा मिळालेल्या दहा जणींपैकी निदान पाच जणींची गाठ कॅन्सरची निघत नाही, बहुतेकदा त्याहून जास्त जणींची. गाठीची कड खडबडीत दिसणं, पांढऱ्या चुन्यासारखे बारीक ठिपके दिसणं, सोनोग्राफीत गाठ आडवी असण्याऐवजी उभी दिसणं, अशा खुणांवरून ही शंका येते. मार लागून आतली चरबी कडक झाली तरी असंच दिसू शकतं. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची एक सूज असते, तिने तर भल्याभल्यांना फसवलं आहे. आपल्याकडे स्तनाचा टीबीही मधूनमधून भेटतो, आणि चित्रात तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो.

खोटा धीर मात्र देणार नाही. तुम्ही लिहिलंय, ‘दुखत नाही’. ते तुम्ही समाधानाने लिहिलंय की घाबरून, मला कळलं नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखणारी गाठ तपासायलाच हवी. ‘दुखतंय कुठे, राहू दे’ असं म्हणून बायका वर्ष काढतात. तुम्ही महिन्याच्या आत बायोप्सीपर्यंत पोचलात. हे फार चांगलं केलंत.

मग रिपोर्टला इतके दिवस का? मी पेशंटना हे नेहमी नीट सांगते. आत काय चाललंय ते कळलं, की वाट बघणं थोडं सोपं जातं.

बायोप्सीच्या वेळी ‘टक्’ असा आवाज आला असेल. स्टेपलरसारखा. दरवेळी त्या सुईत तांदळाच्या लांब दाण्यासारखी, जरा त्याहून मोठी, मांसाची बारीक काडी आली. अशा चार-सहा काड्या फॉर्मलिनच्या बाटलीत पडल्या. फॉर्मलिन मांस आहे तसं टिकवून ठेवतं. ते आतपर्यंत मुरायला निदान सहा तास लागतात. त्याहून घाई केली, तर हार्मोनच्या तपासण्या चुकू शकतात. मग रात्रभर मशीनमध्ये त्या काड्यांमधलं पाणी काढून तिथे मेण भरतात. त्याचा ठोकळा होतो, त्यालाच ब्लॉक म्हणतात. त्या ठोकळ्याच्या मिलिमीटरच्या तीन-चार सहस्रांश जाडीच्या चकत्या काढतात. त्या कोमट पाण्यावर तरंगतात, तंत्रज्ञ त्या काचेवर अलगद उचलून घेतो. मी शिकत असताना हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा पाण्यावर सायीचा पापुद्रा तरंगतोय असं वाटलं होतं. मग गुलाबी-जांभळा रंग दिला की काच पॅथॉलॉजिस्टसमोर येते. तुमच्या गावातून नमुना पुण्या-मुंबईला जात असेल, तर जाण्या-येण्याचे दिवस वेगळे.

हा झाला पहिला रिपोर्ट. कॅन्सर दिसला, तर हार्मोनच्या गोळ्या (ईआर, पीआर) आणि खास हर-२ वरची औषधं लागू पडतील का, हे सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या त्याच ठोकळ्यावर होतात, त्यांना आणखी काही दिवस लागतात. हर-२ ‘२ प्लस’ असं अधांतरी आलं, तर फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते, तिचे दिवस वेगळे. एक गोष्ट मनावर लिहून ठेवा. रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच असणार, असं नाही. गाठ साधी आहे याची खात्री करण्यासाठीही पॅथॉलॉजिस्ट तुकड्याला आणखी वेगळे रंग लावून बघतात. मला त्यांचे फोन येतात, ‘मॅडम, दोन दिवस द्या, अजून एक बघायचंय.’ मी देते. दोन दिवस उशिरा आलेला खात्रीचा रिपोर्ट मला हवा असतो.

‘तोवर गाठ वाढली तर?’ हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणारच. कॅन्सरची गाठ असली तरी ती दुप्पट व्हायला साधारणपणे महिने लागतात. सुपारीएवढी होऊन हाताला लागते, तोवर ती आत कित्येक महिने, बहुधा काही वर्षं असते. दहा दिवसांत उपचारांत फरक पडावा असं काही घडत नाही. फरक पडतो तो गाठ लागल्यापासून दवाखान्यात येईपर्यंत जे महिने जातात त्यांनी. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासत आणि माहिती देत. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, फक्त हात. तुम्ही स्वतःच्या हाताचं ऐकलंत आणि लगेच आलात, त्याची किंमत ही अशी आहे.

आता या दिवसांतलं रोजचं. सुईच्या जागी काळं-निळं झालं असेल, ते हिरवट-पिवळं होत दोनेक आठवड्यांत जाईल. खाली थोडं घट्ट लागत असेल, तर ते बहुधा साकळलेलं रक्त आहे. गाठ वाढली असं समजून घाबरू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरे. रात्रीसुद्धा आधार देणारी ब्रेसियर घाला, बरं वाटतं. ताप आला, जागा लाल होऊन ठणकली, सूज वाढतच गेली किंवा पट्टी रक्ताने भिजली, तर मात्र त्याच दिवशी फोन करा. गाठ दिवसातून दहादा चाचपू नका. तेल चोळणं, शेक, लेप, गाठ विरघळवणारं म्हणून कुणी दिलेलं औषध, यातलं काहीही नको. आणि एक विनंती. कुणी सांगितलं म्हणून आत्ताच पेट स्कॅन करून येऊ नका. ‘सीए १५-३’ नावाची रक्ततपासणी हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये घालतात, तीही नको. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे त्या रक्तावरून कळत नाही. कॅन्सर असताना ती नॉर्मल येते, नसताना वाढलेली येते. माणूस उगाच हवालदिल होतो. मला याचा मनापासून राग येतो.

एक फाइल करा. मॅमोग्राफीच्या फिल्म, सीडी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, बायोप्सीची पावती, सगळं एका ठिकाणी. तुम्ही जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात, पुढे वैद्यकीय बिलांच्या प्रतिपूर्तीचा अर्ज करावा लागू शकतो, तेव्हा मूळ बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला विश्वासात घ्या. मस्टरवर सही करून वर्गात उभं राहायचं आणि आत हे वादळ, हे एकटीने पेलू नका.

रिपोर्ट हल्ली थेट व्हॉट्सॲपवर येतो. रात्री साडेदहाला आला, तर उघडू नका असं मी सांगितलं तरी तुम्ही उघडणारच. म्हणून दोन-तीन शब्द आत्ताच सांगून ठेवते. ‘ग्रेड ३’ लिहिलं असेल, तर ती तिसरी स्टेज नव्हे. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव किती आक्रमक आहे ते. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते, आणि ते या सुईच्या तुकड्यावरून ठरत नाही. या एका शब्दाने माझ्याकडे किती घरं रडत आली आहेत, सांगू शकत नाही. ‘ईआर पॉझिटिव्ह’ या शब्दालाही घाबरू नका, त्याचा अर्थ हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होईल. ‘फायब्रोॲडेनोमा’ ही साधी गाठ. ‘अपुरा नमुना’ असं आलं, तर पुन्हा सुई लावावी लागेल. वैताग येईल, पण तेच करावं लागतं.

रिपोर्ट चांगला आला, तर पेढे जरूर वाटा, पण डॉक्टरांना भेटल्यानंतर. भेटीत एकच प्रश्न नक्की विचारा : ‘हा रिपोर्ट मॅमोग्राफीशी आणि तुमच्या हाताला जे लागलं त्याच्याशी जुळतो का?’ हात, चित्र आणि तुकडा, तिघांचं एकमत झालं तर निश्चिंत व्हा. चित्र ‘शंका’ म्हणतंय आणि तुकडा ‘काही नाही’ म्हणतोय, पण असं का याचा उलगडा होत नाही, तर सुई कदाचित गाठीच्या शेजारून गेली असेल. मग बायोप्सी पुन्हा करायची. चांगला रिपोर्ट हातात पडला की बायका परत दाखवायला येतच नाहीत, मला फोन करून बोलवावं लागतं. तुम्ही तसं करू नका.

कॅन्सर निघाला, तर त्या दिवशी एवढंच लक्षात ठेवा की दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन टेबलावर झोपायची गरज नसते. दोन-तीन आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, पण तेवढ्यात सगळं समजून घ्यायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. त्यासाठी लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. परळला टाटाला दाखवायचं ठरलं, तरी तिथेही ते मागतील. या टप्प्यावर सापडलेल्या कित्येक जणींचा स्तन पूर्ण काढावा लागत नाही, आणि बऱ्या झालेल्या बायका माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. भेटीला यजमानांना न्या, आणि लिहून घेणारं कुणीतरी न्या. पहिल्या वाक्यानंतर तुम्हाला पुढचं ऐकू येणार नाही. कुणालाच येत नाही.

राहिली तुमची लेक. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातलं कळत नाही, असं आईबापांनाच वाटतं. आजी देवापुढे जरा जास्त वेळ बसते, काका आले की दार लोटून बोलणं होतं, आईचे डोळे सुजलेले. तिला कळलेलं आहे, फक्त काय ते कळलेलं नाही. माझ्या एका पेशंटच्या मुलीला आईची फाइल कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडली होती. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री ती एकटीच मोबाइलवर त्यातला एकेक शब्द शोधत बसली होती. त्या आईला नंतर त्या पेपरचं काहीच वाटलं नाही, त्या रात्रीचं मात्र फार वाटलं.

म्हणून मधे सुट्टीचा दिवस असेल तो बघा. जेवणं झाली की तिच्याजवळ बसा. ‘माझ्या छातीत एक गाठ लागली, ती तपासायला दिली आहे, रिपोर्ट अजून आलेला नाही, आला की मी स्वतः तुला सांगेन.’ एवढं पुरे. खूप समजावू नका. तिने ‘कॅन्सर आहे का?’ असं विचारलं, तर ‘अजून माहीत नाही’ म्हणा, कारण तेच खरं आहे. रडली तर रडू द्या, तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या. मग तिची पुस्तकं तिच्यापुढे ठेवा आणि उद्या कोणत्या विषयाचा पेपर आहे, ते विचारा.